सामूची राखण : बफर द्रावणे कशी काम करतात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत विज्ञान शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकवले. एखाद्या संतकवीवर बोलणे मला सोयीचे झाले असते. परंतु ज्यांचे स्मरण करावयाचे, त्यांच्या विषयाच्या अंगणात एकदा तरी पाऊल टाकावे, असे मनात आले. शिवाय रसायनशास्त्रातील एखादी संकल्पना साध्या मराठीत, सूत्रांचा आधार न घेता, पण तिचा अचूकपणा न गमावता सांगता येते का, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकालाही टाळता येण्यासारखा नाही. त्यासाठी मी जी संकल्पना निवडली आहे, तिच्याशी आदिलाबादच्या शेतकऱ्याचा, आजारी मुलाच्या आईचा आणि आपणा सर्वांच्या रक्ताचा संबंध आहे. ती संकल्पना म्हणजे बफर द्रावण.

शब्दांविषयी थोडे

'बफर' हा शब्द या भागात नवखा नाही. २०१२ साली कवाल अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले, तेव्हापासून 'कोअर' आणि 'बफर' हे शब्द रानाकाठच्या गावांत सर्वांच्या तोंडी आहेत. रेल्वेच्या जुन्या डब्यांच्या टोकांना असलेल्या, धक्का सोसणाऱ्या वाटोळ्या तबकड्यांनाही बफरच म्हणतात. सरकार टंचाईसाठी धान्य राखून ठेवते, तो 'बफर साठा'. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच : आघात आणि ज्याच्यावर आघात व्हायचा ते, यांच्यामध्ये उभे राहून आघात सौम्य करणारे काहीतरी. रसायनशास्त्रातील अर्थाला सर्वांत जवळचा आहे तो धान्याचा साठा, हे पुढे दिसून येईल.

दुसरा शब्द 'सामू'. द्रावण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या अंकाला इंग्रजीत पीएच म्हणतात, मराठीत सामू. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने हे माप रूढ केले. ती प्रयोगशाळा बिअर तयार करणाऱ्या कारखान्याने उभारलेली होती. आपल्या तेलुगू बांधवांचा शेतीविषयक शब्द आहे 'उदजनि सूचिका'. उदजनि म्हणजे हायड्रोजन. जुन्या मराठी विज्ञानग्रंथांतल्या 'उद्जन' या शब्दाचे ते सख्खे भावंड होय. निजामाच्या काळी हैदराबादेत १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला आणि उस्मानिया विद्यापीठाने विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले. त्या परंपरेत आम्लाला 'तुर्शा' म्हणत. सोनाराचा शब्द मात्र 'तेजाब'. एका मातीवर इतक्या भाषांनी आम्लाला नावे दिली, ती बहुतेक चवीवरून वा गुणावरून. सामूने चवीच्या जागी मोजमाप आणले.

या मापाचे दोन नियम ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. शुद्ध पाण्याचा सामू ७; त्याखाली आम्लधर्म, त्यावर अल्कधर्म. आणि सामू एका अंकाने उतरला, तर द्रावणातील मोकळ्या हायड्रोजन आयनांची संख्या दहा पटींनी वाढते. ७ वरून ५ वर येणे म्हणजे ती शंभर पट होणे.

दोन चंचुपात्रांचा प्रयोग

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन चंचुपात्रे घ्या. पहिल्यात एक लिटर शुद्ध पाणी. दुसऱ्यात एक लिटर द्रावण. त्यात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, १०० मिलिमोल आणि त्याच आम्लाचा क्षार सोडियम ॲसिटेट, तोही १०० मिलिमोल. (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचे माप, शेकडा किंवा ग्रोस यांसारखेच, फक्त फार मोठे.) पाण्याचा सामू ७, या द्रावणाचा सुमारे ४.७६.

आता दोहोंत हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिमोल घाला. पाण्याचा सामू ७ वरून एकदम २ वर उतरतो. म्हणजे हायड्रोजन आयन एक लाख पट वाढले. दुसऱ्या द्रावणाचा सामू ४.७६ वरून ४.६७ होतो, तेथे आयनांची वाढ पावपटीहूनही कमी. आम्ल तेच, मात्रा तीच. मग घातलेले आयन गेले कोठे?

कणग्यांचा हिशेब

हे समजण्यासाठी आपण शेतकऱ्याच्या घरी जाऊ. हायड्रोजन आयन म्हणजे धान्य असे समजा. अंगणात मोकळे पसरलेले धान्य तेवढेच सामूला दिसते. कणग्यांत भरलेले दिसत नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल हे तीव्र आम्ल. त्याची कणगी बुडाशी फुटलेली असते. जेवढे धान्य तेवढे सगळे अंगणात. ॲसेटिक आम्ल हे सौम्य आम्ल. त्याचा प्रत्येक रेणू ही एक भरलेली कणगी आहे, आणि तिच्यातून फार थोडे धान्य बाहेर सांडते. ॲसिटेटचा प्रत्येक आयन ही तशीच, पण रिकामी कणगी. आपल्या दुसऱ्या चंचुपात्रात १०० भरलेल्या आणि १०० रिकाम्या कणग्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

बाहेरून १० मापे धान्य अंगणात येऊन पडले. रिकाम्या कणग्यांनी ते जवळजवळ सर्व आत घेतले. आता रिकाम्या ९० आणि भरलेल्या ११०. अंगणात किती धान्य मोकळे राहील, हे या दोन संख्यांच्या गुणोत्तरावर ठरते, आणि १०० ला १०० व ९० ला ११० या गुणोत्तरांत फरक थोडा. म्हणून सामूही थोडाच हलला. उलट कोणी सोडियम हायड्रॉक्साइडसारखे अल्क घालून अंगणातले धान्य उचलून नेले, तर भरलेल्या कणग्या तेवढे बाहेर ओततात. दोन्ही दिशांचा धक्का सोसावयाचा, तर दोन्ही प्रकारच्या कणग्या हव्यात. म्हणूनच बफर द्रावणात सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार, अशी जोडी लागते. सौम्य आम्लारी आणि तिचा क्षार यांची जोडीही हेच काम करते.

रिकाम्या आणि भरलेल्या कणग्या समसमान असताना द्रावणाचा जो सामू असतो, तो त्या आम्लाचा स्वभावसिद्ध अंक. रसायनशास्त्रज्ञ त्याला पीकेए म्हणतात. ॲसेटिक आम्लासाठी तो ४.७६. गुणोत्तर दसपट झाले, तर सामू एक अंक सरकतो. त्या अंकाच्या वर-खाली एकेक अंकापर्यंतच बफर भरवशाचे काम करते. त्यापलीकडे एका बाजूच्या कणग्या फारच थोड्या उरलेल्या असतात.

येथे या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा येतो. आपल्या चंचुपात्रात दहाच्या जागी १०० मिलिमोल तीव्र आम्ल घातले, तर सर्व रिकाम्या कणग्या भरतात आणि सामू २.७ च्या आसपास कोसळतो. त्यानंतर घातलेला प्रत्येक थेंब मोकळ्या अंगणात पडतो. हा कोसळण्याचा क्षण येईपर्यंत सामूचा काटा जवळपास शांत असतो. शिवाय १०० ला १०० कणग्या असलेले द्रावण आणि १ ला १ कणगी असलेले द्रावण यांचा सामू जवळपास एकच. पण पहिले दहा मापांचा धक्का हसत सोसते, तर दुसरे पहिल्याच फटक्यात संपते. म्हणजे सामू अंगणाची स्थिती सांगतो, कोठारातला साठा सांगत नाही. ही दोन वेगळी मापे आहेत, आणि त्यांची गल्लत केली की प्रत्यक्ष व्यवहारात नुकसान होते. दोन उदाहरणे घेऊ : एक देहाचे, एक शेताचे.

रक्तातील राखण

निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. आणि तरीही शरीर दिवसभर आम्ल निर्माण करीत असते. अन्न जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल बनते. प्रथिनांच्या पचनातूनही दररोज सुमारे ७० मिलिमोल आम्ल तयार होते. हा भार रक्तातील हिमोग्लोबिन व इतर प्रथिने उचलतातच. पण मुख्य राखणदार आहे बायकार्बोनेटची जोडी. रक्तद्रवात बायकार्बोनेट, म्हणजे रिकाम्या कणग्या, दर लिटरला सुमारे २४ मिलिमोल. आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे भरलेल्या कणग्या, सुमारे १.२ मिलिमोल. गुणोत्तर वीसास एक. या जोडीचा स्वभावसिद्ध अंक ६.१, वीसपटीमुळे त्यात १.३ मिळतात आणि ७.४ येतात. हा हिशेब १९०८ साली हेंडरसन यांनी मांडला आणि हॅसलबाल्क यांनी त्याला आजचे रूप दिले.

चौकस विद्यार्थी येथे शंका घेईल. आताच आपण म्हणालो की समसमान कणग्या असताना बफर सर्वांत समर्थ, आणि येथे तर वीसास एक! उत्तर असे की, ही बंद चंचुपात्राची गोष्ट नाही. या घराला दोन दारे आहेत. कणगी भरली की फुप्फुस कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने ती उच्छ्वासावाटे बाहेर टाकते. आणि मूत्रपिंड नव्या रिकाम्या कणग्या, म्हणजे बायकार्बोनेट, तयार करून रक्तात सोडते. त्यासाठी मूत्रपिंडाला आम्ल बाहेर टाकावे लागते, आणि तेथेही बफरच कामास येते. लघवीचा सामू ४.५ च्या फारसा खाली जाऊ शकत नाही. बफर नसते, तर त्या सामूच्या पाण्यातून ७० मिलिमोल आम्ल बाहेर टाकण्यासाठी दिवसाकाठी दोन हजार लिटरांहून अधिक लघवी लागली असती. फॉस्फेट आणि अमोनिया यांच्या पोटात दडवून मूत्रपिंड तेच काम दीड-दोन लिटरांत उरकते.

आता हगवणीने आजारी पडलेले मूल पाहा. पावसाळ्यात आपल्या डोंगराळ पाड्यांवर हे दुखणे नेहमीचे. जुलाबांतून पाणी आणि मीठ जाते, हे सर्वांना ठाऊक असते. पण बायकार्बोनेटही जाते, म्हणजे रिकाम्या कणग्याच वाहून जातात. मूल खोल आणि जलद श्वास घेऊ लागते. धाप म्हणजे छातीचाच रोग, असे आईला वाटते; प्रत्यक्षात फुप्फुस कार्बन डायऑक्साइड अधिक वेगाने बाहेर टाकून गुणोत्तर सावरू पाहत असते. ते दुसऱ्या दाराने घर वाचविण्याची धडपड आहे, आणि अशा वेळी दवाखाना गाठण्यास उशीर करता कामा नये.

१९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ आली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनवीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचविले. त्या मिश्रणात खाण्याचा सोडा, म्हणजे साक्षात बायकार्बोनेट होते. परंतु सोडा घातलेली पुडी दमट हवेत लवकर बिघडते. म्हणून १९८४ च्या सुमारास त्याच्या जागी सोडियम सायट्रेट आले. आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. सायट्रेट हा लिंबातील आम्लाचा क्षार. आंबटाच्या घराण्यातला पदार्थ आम्लता कशी कमी करील, असे वाटेल. पण शरीर सायट्रेट जाळते आणि त्यातून बायकार्बोनेट निर्माण होते. आम्ल आणि आम्लाचा क्षार यांतला भेद, म्हणजेच भरलेली आणि रिकामी कणगी यांतला भेद, येथे थेट जिवाशी येऊन भिडतो.

म्हणूनच पुडीवरचे घटक वाचणे महत्त्वाचे. नावात 'ओआरएस' ही अक्षरे मिरविणारी, पण भरमसाट साखर असलेली पेये बाजारात वर्षानुवर्षे विकली गेली. जादा साखरेने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत ही अक्षरे वापरण्यास मनाई केली.

काळ्या मातीतील कोठार

आता शेताकडे वळू. आदिलाबाद जिल्ह्याचा वायव्य भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे, आणि त्या खडकापासून काळी माती झाली. तिचे भूगोलाच्या पुस्तकातले नाव 'रेगूर' हे तेलुगू 'रेगड' या शब्दावरून आले. पैनगंगेच्या परिसरात चुनखडीचा दगडही विपुल; भूवैज्ञानिक त्या थरांना पैनगंगेचेच नाव देतात. काळ्या रानात नांगरताना पांढरे खडे वर येतात, तेही चुनखडीचेच. अशा ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की ते फसफसते. ती फसफस म्हणजे आम्ल गिळले गेल्याची खूण.

चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हे जमिनीचे बफर आहे. जोवर ते शिल्लक आहे तोवर मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ या दरम्यान खिळून राहतो. काळ्या मातीतील चिकणकण आणि सेंद्रिय पदार्थ हेही कॅल्शियम वगैरे आयन धरून ठेवतात व या कामाला हातभार लावतात.

हे वरदान, तसाच अडसरही. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही पिकाच्या मुळांना सहजी मिळत नाही. दिलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. २०१५ पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू ८.२ वा ८.३ दिसला की शेतकरी धास्तावतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी एक लिटरची बाटली पुढे करतो : "एकराला एवढे सोडा, सामू सातवर येईल."

या आश्वासनाचा हिशेब सातवीतला विद्यार्थीही करू शकेल. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे आठ लाख किलो. समजा, त्यात चुनखडी शेकडा पाच आहे. म्हणजे ४० टन. १०० किलो चुनखडी विरघळविण्यास ९८ किलो शुद्ध गंधकाम्ल लागते. तेव्हा ही ४० टन चुनखडी संपविण्यास ३९ टन गंधकाम्ल, किंवा गंधकच घालावयाचे तर सुमारे १३ टन गंधक हवे. आणि ती संपेपर्यंत सामू फारसा हलणार नाही. एका लिटरची बाटली या कोठारापुढे काय करणार? बाटलीतल्या पाण्याचा सामू कितीही कमी असो, प्रश्न सामूचा नाही, साठ्याचा आहे.

मग करावे काय? बफरशी झुंजण्यापेक्षा त्याच्या मर्यादेत राहून काम साधावे. स्फुरदयुक्त खत फेकून न देता बियाण्याजवळ ओळीत द्यावे, म्हणजे त्याचा चुन्याशी संबंध कमी येतो. जस्ताची उणीव जस्त सल्फेटने भरावी. लोह पानांवरील फवारणीतून द्यावे, म्हणजे मातीला वळसा घालता येतो. शेणखताने दुहेरी लाभ होतो : ते कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मुळांजवळचा सामू थोडा उतरवितो आणि सेंद्रिय आम्ले जस्त-लोह विरघळते ठेवतात. जिप्सम हे चोपण जमिनीवरचे, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीवरचे औषध आहे. केवळ चुनखडी आहे म्हणून ते घालण्यात अर्थ नाही. सोडियम किती, हे तपासूनच ठरवावे.

लाल मातीचा इशारा

आपल्याकडे काळ्या रानाशेजारी लाल, रेताड रानही आहे. तेलुगूत त्याला 'चलका' म्हणतात. त्याचा सामू ७ च्या आसपास दिसला, म्हणून ते काळ्या रानाहून चांगले, असे मानले जाते. पण त्याचे कोठार लहान आहे. युरियातील नत्राचे नायट्रेट होताना आम्ल निर्माण होते. ते सर्व नायट्रेट पिकाला न मिळता निचऱ्याबरोबर वाहून गेले, असे धरले, तर एक किलो नत्रामागे सुमारे ३.६ किलो चुनखडी खर्ची पडते. ४५ किलोच्या तीन गोण्यांत ६२ किलो नत्र. म्हणजे वर्षाला अधिकात अधिक २२० किलो चुनखडी. आपल्या काळ्या एकराला हा खर्च १८० वर्षे पुरेल. लाल रानात मुक्त चुनखडी जवळपास नसतेच. तेथे तोच युरिया, तेवढाच दिला, तरी बोजा थेट थोड्याशा चिकणकणांवर पडतो. वर्षानुवर्षे पत्रिकेवरचा अंक बरा दिसतो आणि मग तो उतरू लागतो. उतार दिसण्याआधीच साठा आटत आलेला असतो.

साठा मोजण्याची रीत आहे, आणि ती मोठी मार्मिक आहे. शूमेकर, मॅक्लीन आणि प्रॅट या तिघांनी १९६१ साली सुचविलेल्या पद्धतीत आम्लधर्मी मातीत ठराविक बफर द्रावण मिसळतात आणि त्याचा सामू मातीने किती खाली ओढला, ते पाहतात. जितका अधिक ओढला, तितकी मातीची दडलेली आम्लता अधिक, आणि तितका चुना अधिक लागणार. एका बफरची ताकद दुसऱ्या बफरने अजमावयाची! कुस्तीच्या फडात दोन मल्लांनी एकमेकांचे बळ जोखावे, तशी ही पद्धत आहे.

विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवून थांबतो. सामूमापक जुळविण्यासाठी ४, ७ आणि ९.२ सामूच्या बफर गोळ्या मिळतात. त्यांनी मापक जुळवून घ्या. काळ्या रानातली आणि लाल रानातली प्रत्येकी ५० ग्रॅम माती निरनिराळ्या बाटल्यांत सारख्या पाण्यात कालवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोहोंत सौम्य आम्लाचे सारखे माप घाला, बूच न लावता हलवा, दुसऱ्या दिवशी सामू मोजा, आणि हा क्रम आठवडाभर चालवा. आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढा. एक रेषा बराच काळ आडवी राहील; दुसरी लवकर घसरू लागेल. त्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे दोन कोठारांतला फरक. पहिल्या दिवशीच्या अंकांत तो दिसत नव्हता. सामू काय, असे कोणी सांगितले की साठा किती, हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर गुरुजींच्या विषयाचे स्मरण नावापुरते राहिले नाही, असे म्हणता येईल.